बिनतारी देवाणघेवाण : मोबाईलमधली फाईल संगणकात कशी जाते?



या महिन्याच्या भित्तिपत्रकात विज्ञानाचा लेख लिहिण्याची पाळी सातवीची होती आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. गुरुजी म्हणाले, "पुस्तकातलं उतरवून काढू नकोस. आपण वर्गात जे केलं तेच नीट समजावून सांग." म्हणून हा विषय घेतला आहे. लेख जरा लांब आहे. उभे राहून पाय दुखले तर अर्धा आता वाचा, अर्धा मधल्या सुट्टीत वाचा.

"बिनतारी" हा शब्द आपल्या आजी-आजोबांना नवीन नाही. पोलिसांच्या गाडीतल्या यंत्राला ते बिनतारी यंत्र म्हणायचे. त्यातून फक्त बोलणे जायचे. आता फोटो, गाणी, कागदपत्रे, सगळेच बिनतारी जाते. पण जाते म्हणजे नेमके काय होते? ते पाहू या.

१. आम्हांला गरज का पडली?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वर्गाने गावातल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आजींना विचारून, त्यांच्या परवानगीने, आम्ही त्या मोबाईलवर घेतल्या. एकूण ४६ रेकॉर्डिंग झाली. फोन वर्गातल्या एका मैत्रिणीच्या आईचा होता. पुढे दोन महिन्यांनी त्यांतल्या एक आजी वारल्या. त्यांचा आवाज आता फक्त त्या एका फोनमध्ये उरला होता.

आणि तो फोन कसा? काच तडकलेली, चार्जिंगची पिन ढिली. रबर लावून धरली तरच चार्ज होई. वायर लावली तर संगणक त्याला ओळखतच नसे. बॅटरी १५ टक्क्यांच्या खाली गेली की फोन एकदम बंद. शाळेत रेंज नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपने पाठवायचाही प्रश्न नव्हता. गावाने लोकवर्गणी काढून शाळेला दिलेला लॅपटॉप मात्र टेबलावर होता. फोन आणि लॅपटॉप यांच्यात अंतर फक्त एक हात, पण वायर नाही आणि इंटरनेट नाही. मग ओव्या पलीकडे न्यायच्या कशा?

२. फाईल म्हणजे काय?

संगणकाला अक्षर कळत नाही, गाणे कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात : "आहे" आणि "नाही". "आहे" म्हणजे १ आणि "नाही" म्हणजे ०. अशा एका खुणेला बिट म्हणतात. ८ बिट मिळून १ बाईट होतो.

आपल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला युनिकोड पद्धतीत एक क्रमांक दिलेला आहे. "क" चा क्रमांक २३२५ आहे. "शाळा" या शब्दात श, काना, ळ, काना अशी ४ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ नावाच्या नेहमीच्या पद्धतीने लिहिले तर प्रत्येक चिन्हाला ३ बाईट लागतात. म्हणजे १२ बाईट, म्हणजेच ९६ बिट. नुसता "शाळा" शब्द पाठवायचा तरी ९६ वेळा "आहे-नाही" सांगावे लागते!

आवाजाचेही तसेच. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर यंत्र सारखे मोजत राहते. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी होते. हे सगळे आकडे ०-१ मध्ये लिहिले आणि दाबून लहान केले की गाण्याची फाईल झाली. आमची एक ओवी सरासरी ३ एमबीची होती. १ एमबी म्हणजे ढोबळ मानाने १० लाख बाईट.

३. हवेतून कशी जाते?

आमचे आजोबा म्हणाले, "तार न्हाई, दोरी न्हाई, मग जातंय कसं?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की ती रेडिओ लहरींवरून जाते.

रेडिओ लहरी आणि उजेड ही एकाच घरातली भावंडे. दोघांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. उजेड डोळ्यांना दिसतो, रेडिओ लहरी दिसत नाहीत, एवढाच फरक आपल्याला जाणवतो. ब्लूटूथ आणि पुष्कळसे वाय-फाय ज्या लहरी वापरतात त्या सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा वरखाली होतात. अशा एका लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर भरते. म्हणजे कंपासपेटीतल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षाही कमी.

आता समजा, तुम्ही या बांधावर आहात आणि मित्र पलीकडच्या बांधावर आहे. हाक ऐकू जात नाही. तुम्ही आधी ठरवून घेतले की हात वर म्हणजे "हो" आणि हात आडवा म्हणजे "नाही". मग हाताच्या खुणांनी निरोप देता येतो. फोनही तसेच करतो. तो लहरीत ठरावीक बारीक बदल करतो. एक बदल म्हणजे १, दुसरा बदल म्हणजे ०. लॅपटॉपमधली अँटेना ते बदल ओळखते आणि ०-१ पुन्हा लिहून काढते. दोघांनी खुणांची भाषा आधी ठरवलेली असते, म्हणूनच एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी बोलू शकतो.

या विद्येचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी वाटेत भिंती असताना बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली होती. पुढे १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी निरनिराळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओने संगणकाशी जोडली. त्या जोडणीचे नाव अलोहानेट.

४. तुकडे आणि ताळा

अख्खी फाईल एकदम जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर त्याचा क्रमांक असतो, आपल्या हजेरीपटावर असतो तसा. शिवाय तुकड्यातल्या आकड्यांचा एक ताळा बरोबर जातो. गणित सोडवल्यावर आपण ताळा करून पाहतो ना, अगदी तसाच. पलीकडचे यंत्र ताळा करून पाहते. जमला तर "पोहोचले" असे कळवते. नाही जमला तर तोच तुकडा पुन्हा मागवते.

हवा तर सगळ्यांची एकच. मग दोघे एकदम बोलले तर? वर्गात दोन मुले एकदम उत्तर देऊ लागली तर गुरुजींना एकाचेही कळत नाही. अलोहानेटमध्ये उपाय असा होता की दोन तुकडे एकमेकांवर आदळले तर दोघांनी कमीजास्त वेळ थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे. वाय-फाय आधी कानोसा घेते, हवा मोकळी असली तरच बोलते.

ब्लूटूथची युक्ती निराळी. ते एका जागी बसतच नाही. जवळजवळच्या ७९ वाटा आहेत आणि त्यांवर ते सेकंदाला १,६०० उड्या मारते. एका वाटेवर गडबड असली तर दुसऱ्या वाटेवर काम होते. उड्यांचा क्रम फोन आणि लॅपटॉप या दोघांनाच माहीत असतो. अशा उड्या मारण्याच्या एका युक्तीचे पेटंट १९४२ साली अमेरिकेत हेडी लामार या सिनेमातल्या नटीने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने घेतले होते. त्यांच्या यंत्रात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ वाटा होत्या. नटी आणि संगीतकार! म्हणून कोणाला "हे तुझं काम नाही" असे म्हणू नये.

ब्लूटूथ म्हणजे "निळा दात". दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता, त्याचे हे टोपणनाव. त्याने वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही पद्धत वेगवेगळी यंत्रे एकत्र आणते, म्हणून १९९७ साली हे नाव सुचवले गेले. फोनवरची ब्लूटूथची खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची दोन जुनी अक्षरे एकमेकांना चिकटवलेली आहेत.

५. कोणती वाट घ्यावी? (फळ्यावरचे गणित)

वाटा दोन, ब्लूटूथ आणि वाय-फाय. गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडायला लावला.

एकूण फाईल : ४६ × ३ = १३८ एमबी.
त्याचे बिट : १३८ × ८ = १,१०४ दशलक्ष, म्हणजे ११० कोटी ४० लाख.

ब्लूटूथचा वेग सेकंदाला सुमारे २० लाख बिट धरला, तर ५५२ सेकंद. म्हणजे ९ मिनिटे १२ सेकंद.
वाय-फायचा वेग सेकंदाला १० कोटी बिट धरला, तर साधारण ११ सेकंद.

फोनची बॅटरी तेव्हा २२ टक्के दाखवत होती. नऊ-दहा मिनिटांत फोन मधेच बंद पडला असता तर? म्हणून आम्ही वाय-फायची वाट घेतली. पण ब्लूटूथ वाईट आहे असे मुळीच नाही. एखादा फोटो किंवा एक कागद पाठवायचा तर १०-१२ सेकंद म्हणजे काहीच नाही, आणि त्याला वेगळे ॲप लागत नाही.

आता महत्त्वाचे सांगते. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे! पुष्कळ मोठ्या माणसांचाही इथे गोंधळ होतो. वाय-फाय म्हणजे दोन यंत्रांमधली पायवाट. त्या पायवाटेच्या पलीकडे इंटरनेटचा हमरस्ता असला तर असतो, नसला तर नसतो. व्हॉट्सॲपने फोटो पाठवला की तो लांबच्या मोठ्या संगणकाकडे जातो आणि तिथून शेजारच्या लॅपटॉपवर येतो. शेजारणीला साखर द्यायला तालुक्याला जाऊन यावे, तसा हा प्रकार. डेटा खर्च होतो आणि नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची स्पष्टताही कमी होते. पायवाटेने मात्र फाईल जशीच्या तशी जाते आणि डेटा लागत नाही.

६. आम्ही काय केले?

(अ) लोकलसेंड नावाचे मोफत ॲप आदल्या दिवशी, रेंज येते त्या ठिकाणी, दोन्ही यंत्रांवर उतरवून घेतले. त्यानंतर त्याला इंटरनेट लागत नाही.

(आ) फोनचा मोबाईल डेटा बंद केला आणि हॉटस्पॉट सुरू केला. डेटा बंद करायचे कारण असे की चालू राहिला तर लॅपटॉप स्वतःच्याच कामासाठी तो वापरू लागतो.

(इ) लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला पासवर्ड टाकून जोडला. पायवाट तयार झाली.

(ई) दोन्हीकडे ॲप उघडले. ते प्रत्येक यंत्राला एखाद्या फळाचे गमतीदार इंग्रजी नाव देते. फोनवर ४६ फाईल निवडल्या आणि लॅपटॉपचे नाव दाबले.

(उ) लॅपटॉपने विचारले, घेऊ का? "ॲक्सेप्ट" दाबले. निळी पट्टी सरकली आणि मिनिटभरात काम झाले. हिशेबातल्या ११ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण फोन जुना.

(ऊ) मग मोजले, ४६ च आहेत ना? प्रत्येक ओवी थोडी थोडी वाजवून पाहिली. वारलेल्या आजींची ओवी मात्र शेवटपर्यंत ऐकली. कोणी बोलले नाही.

ब्लूटूथने करायचे असेल तर दोन्हीकडे ब्लूटूथ सुरू करावे. पहिल्यांदा जोडताना दोन्ही पडद्यांवर ६ अंकी आकडा येतो. तो सारखाच असेल तर "पेअर" दाबावे. मग विंडोजच्या लॅपटॉपवर खाली उजव्या कोपऱ्यातल्या ब्लूटूथच्या खुणेवर उजवे बटण दाबून "रिसीव्ह अ फाईल" निवडावे. त्यानंतर फोनवर फाईल, "शेअर", "ब्लूटूथ" आणि लॅपटॉपचे नाव, या क्रमाने जावे. अँड्रॉइड फोनमध्ये "क्विक शेअर" आणि ॲपल कंपनीच्या यंत्रांत "एअरड्रॉप" अशाही सोयी असतात. त्या जवळचे यंत्र ब्लूटूथने हुडकतात आणि ओझे वाय-फायने वाहतात.

७. फाईल जात नाही, तिची नक्कल होते

या लेखातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. वाटीभर साखर शेजारी दिली की आपला डबा तेवढा रिकामा होतो. फाईल दिली तरी आपल्याकडे आहे तशीच राहते आणि पलीकडे दुसरी तयार होते. आपण "पाठवली" म्हणतो, पण खरे म्हणजे तिची नक्कल केलेली असते.

जे जपायचे आहे त्याच्यासाठी हे वरदान आहे. आजींच्या ओव्या आता फोनमध्ये आहेत, लॅपटॉपमध्ये आहेत आणि कपाटातल्या पेनड्राईव्हवरही आहेत. तिन्ही एकदम बिघडतील अशी शक्यता फार थोडी.

पण जे लपवून ठेवायचे आहे त्याचे काय? आपल्या गावची माणसे दाखला काढायला बाजारच्या गावी जातात. फोनमधला आधारचा, पासबुकाचा, सातबाऱ्याचा फोटो दुकानातल्या संगणकावर पाठवतात. छापील प्रत हातात आली, पैसे दिले, एस.टी. पकडली. आणि फाईल? ती तिथेच राहिली! माझ्या मावशीने एका दुकानात पाहिले. तिचा कागद शोधायला दुकानदाराने कप्पा उघडला, तर त्यात कितीतरी अनोळखी लोकांची आधार कार्डे आणि पासबुके रांगेने दिसत होती. दुकानदार वाईट होता असे नाही. पुसायचे कोणी त्याला सांगितले नव्हते आणि त्याने स्वतःहून पुसले नव्हते, एवढेच. मावशीने मात्र तिथेच उभे राहून आपली फाईल पुसून घेतली.

म्हणून पालकांना नम्र विनंती, एवढे नियम पाळा :

• पाठवण्याआधी पलीकडच्या यंत्राचे नाव विचारून खात्री करा. ६ अंकी आकडा आला तर दोन्हीकडे जुळवून पाहा.

• ओळखीची फाईल असेल तरच "घ्या" दाबा. २००४ साली "कॅबिर" नावाचा किडा ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात शिरत असे. तोही आधी परवानगी विचारायचा आणि लोक न वाचता "हो" म्हणायचे!

• दुकानातले काम झाले की आपल्यासमोर फाईल पुसायला सांगा. संगणकातली कचरापेटी, म्हणजे रिसायकल बिन, तीही रिकामी करायला सांगा. यात लाजायचे काही नाही. कागद आपला आहे.

• व्हॉट्सॲप दुकानाच्या संगणकाला जोडले असेल तर लॉग आऊट केल्याशिवाय उठू नका.

• जिथे चालत असेल तिथे फक्त शेवटचे ४ अंक दिसणारे "मास्क्ड आधार" द्या. ते सरकारच्या आधार संकेतस्थळावरून मिळते.

• काम संपले की ब्लूटूथ आणि हॉटस्पॉट बंद करा. बॅटरीही वाचते.

• कोणी सांगितले म्हणून कुठलेही ॲप घेऊ नका. शेअरइट आणि झेंडर ही ॲप पूर्वी घरोघर होती. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती. जुन्या फोनात राहिली असतील तर काढून टाका.

८. करून पाहा

(१) "आई" या शब्दाला किती बाईट लागतील?

(२) ६० एमबीचा व्हिडिओ सेकंदाला २० लाख बिट या वेगाने गेला तर किती मिनिटे लागतील?

(३) वाय-फाय आणि इंटरनेट यांतला फरक घरी जाऊन आजीला समजावून सांगा. आजीला समजला तर तुम्हांलाही समजला.

(४) पालकांना विचारा : तुमच्या फोनमध्ये अशी कोणती गोष्ट आहे की जी हरवली तर पुन्हा मिळणार नाही? तिची एक नक्कल या आठवड्यात दुसरीकडे करून ठेवा. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी लॅपटॉप घेऊन अर्धा तास थांबतात. फोन आणि स्वतःचा पेनड्राईव्ह घेऊन यावे. लॅपटॉपवर आलेली फाईल तुमच्या पेनड्राईव्हवर घालून, लॅपटॉपवरची तुमच्यासमोरच पुसली जाईल.

उत्तरे पुढच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात.

— इयत्ता ७ वी, विज्ञान गटातील एक विद्यार्थिनी